सोनेरी कार्डवाल्याला भरपाई दुप्पट? नाही, भो!

जळगाव-भुसावळच्या व्यापारी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘भो, जपून ठेवा. विमान दोन तास लेट झालं की कंपनीला रोख १०,००० द्यावेच लागतात. नेहमी उडणाऱ्यांचं सोनेरी कार्ड असेल तर दुप्पट. आणि कंपनी पॉइंट देऊ लागली तर घेऊ नका, घेतले की पैशांवरचा हक्क गेला.’ (पॉइंट म्हणजे कंपनीकडे आपल्या खात्यात जमणारे, पुढच्या तिकिटाला वापरता येणारे गुण.) दिल्लीला महिन्यातून दोनदा जाणारे आपले केळीवाले आणि सराफ हा मेसेज काउंटरवर दाखवून भांडतात, म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी उशिराचं. देशांतर्गत विमानाला उशीर झाला म्हणून रोख भरपाई द्यावी, असं डीजीसीएच्या, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या नियमांत नाहीच. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला तर खाणंपिणं मिळतं. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. विमान चोवीस तासांहून जास्त, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यानचं विमान सहा तासांहून जास्त रखडलं तर हॉटेल. बस, एवढंच.

मग १०,००० आले कुठून? ते विमान वेळेत न कळवता रद्द केल्याचे. उड्डाण तासाभराचं असेल तर ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००; किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांत जे कमी असेल ते. हे ‘कमी असेल ते’ मेसेजमध्ये सोयीस्कर गळालंय. समजा, उडान या छोट्या शहरांसाठीच्या सरकारी विमान योजनेतल्या स्वस्त तिकिटाचं मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून २,४०० झाले, तर भरपाईही २,४००च. धुकं, वादळ, हवाई नियंत्रणाची अडचण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने रद्द झालं तर तीही नाही. तिकिटाचे पैसे मात्र परत मिळतातच.

आणखी एक मेख आहे आणि आपल्याकडे ती फार बोचते. बुकिंग करताना संपर्काचा तपशील नीट दिला नसेल तर भरपाई मिळत नाही. आपले निम्मे लोक तिकीट एजंटकडून काढतात आणि एजंट स्वतःचा मोबाइल नंबर टाकून मोकळा होतो. रद्द झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर पडतो आणि आपण विमानतळाच्या दारात! कार्ड कुठलंही असो, नंबर आपलाच टाकायला लावा.

कार्डाचं म्हणाल तर नियमाला ते दिसतच नाही. पहिल्यांदा विमानात बसलेल्या आजीला जेवढं, तेवढंच सोनेरी कार्डवाल्याला. जागेपेक्षा जास्त तिकिटं विकून दारात अडवलं आणि मूळ वेळेपासून तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही तर भाड्याच्या दोनशे ते चारशे टक्के, कमाल २०,००० रुपये मिळतात. तिथेही कार्डाचा संबंध नाही. देशांतर्गत प्रवासात वरच्या वर्गाचं तिकीट असून खाली बसवलं तर करांसह तिकिटाचे ७५ टक्के परत, तेही सगळ्यांना सारखेच. कार्डाने फोन लवकर उचलला जातो आणि माफीचे पॉइंट थोडे सढळ हाताने पडतात. ते नियमाबाहेरचं, कंपनीच्या मर्जीचं.

म्हणूनच ‘पॉइंट घेतले की हक्क गेला’ हेही चूक. डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा कंपनीने जास्त त्रास झालेल्या प्रवाशांना १०,००० रुपयांची व्हाउचरं जाहीर केली आणि ती नियमातल्या भरपाईशिवाय वेगळी असल्याचं सांगितलं. मर्जीचं वेगळं, हक्काचं वेगळं, याहून स्पष्ट काय हवं? फक्त ‘यापुढे माझी काही मागणी नाही’ अशा ओळीखाली सही किंवा टिक करू नका. आणि परताव्याऐवजी ‘पुढच्या तिकिटाला वापरा’ म्हणाले तर ते मान्य करायचं की नाही, हे नियमाने तुमच्यावरच सोपवलंय.

पॉइंट मिळाले तर साठवून मात्र ठेवू नका. २०१२ला किंगफिशर जमिनीवर आली आणि तिचे पॉइंट लोकांच्या खात्यातच राहिले.

कंपनीला ईमेल करताना पीएनआर (तिकिटावरचा बुकिंग क्रमांक), रद्द झाल्याचा मेसेज आणि नियमाप्रमाणे बसणारी रक्कम एवढंच आधी लिहा. पॉइंटांचं बोलणं नंतर. दाद लागली नाही तर तक्रारीसाठी सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे. त्यानंतर ग्राहक आयोग: राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.