पासिंगपुरती चाकं बदलू नका

गाडीला यंदा पंधरा वर्षं पुरी झाली, म्हणून रजिस्ट्रेशन वाढवायला पासिंगला नेली. पहिल्या दिवशी नापास. कारण चाकं.

तीन वर्षांमागे चतुर्थीच्या आधी भाच्याने हट्ट धरला आणि मी १७ इंची अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रिमची चाकं, घातले. कंपनीचा टायर १८५/६५ आर १५, नवा २०५/५० आर १७ (पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिम इंचांत). गाडी देखणी दिसायला लागली, मलाही आवडली. इन्स्पेक्टरने स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवायला सांगितलं आणि वाकून चाकाच्या आतल्या प्लास्टिकवर टॉर्च मारला. टायर घासून तिथे दोन बोटं रुंदीचा पट्टा गुळगुळीत झाला होता, एका जागी आरपार भोक. डिचोलीच्या बाजारात गाडी वळवताना खर्रकन आवाज यायचा, तो मी इतके दिवस अडकलेल्या चिखलाचा समजत होतो.

बाहेर एकाने सांगितलं, "दोन तासांपुरती कुणाची तरी जुनी चाकं लावा. पास झाली की आपली परत चढवा." हा सल्ला मी आधीही ऐकलाय, आणि मला त्याचा खरंच राग येतो. पास होते ती उसन्या चाकांची गाडी. बायकापोरं बसतात ती दुसरीच.

हिशेब करून बघा. माझ्या मूळ चाकाचा व्यास ६२१ मिमी, नव्याचा ६३७. म्हणजे काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा दोन किलोमीटर जास्त वेगात असते. ते एक वेळ चालेल. पण टायरची बाजूची भिंत १२० वरून १०२ मिमीवर आली. पावसात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, आणि दणका रबराने झेलायचा तो थेट रिमला बसतो. माझ्या एका रिमला असाच बाक आलाय. चाक बाहेरच्या बाजूला सरकवायला मागे स्पेसर, म्हणजे जाड चकती, घालणाऱ्यांचं तर मला कळतच नाही. बेअरिंगवर ताण वाढतो, आणि बोल्ट तेवढ्याच लांबीचे ठेवले तर त्यांची पकड कमी होते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चाकं विकणारा हे सांगत नाही. मला तरी नाही सांगितलं.

हौस असेल तर मूळ मापाचेच अलॉय घ्या. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बहुतेक गाड्यांना स्टिकर असतो, त्यावर टायरचं माप आणि हवा लिहिलेली असते. टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे तो किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळपेक्षा कमी नको. आणि नक्षीची खोली झिजून १.६ मिमीवर आली की टायर बदलायचाच, माप कुठलंही असो.

माझी जुनी चाकं पडवीत लाकडांच्या मागे पडून होती. धुतली, नवे टायर चढवले, अलाइनमेंट केली. दुसऱ्या खेपेला स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवलं, कुठेच आवाज नाही. भाचा विचारतो, "मामा, ते सतराचे परत कधी लावायचे?" बाक आलेला रिम मी त्याच्या हातात दिला आणि त्यावरून बोट फिरवायला सांगितलं.