ओटीपी हवाय? मग भैरोबाला चढा

फोनच्या कोपऱ्यात ‘५जी’ उमटलं की दोन्ही हात जोडावेत. ते दर्शनापुरतं असतं, वापरायला नसतं. एवढं मनाशी धरलं की मोबाइल इंटरनेटचा निम्मा ताप तिथंच उतरतो. उरलेल्या निम्म्यासाठी हे थोडे अनुभवाचे बोल. अनुभव शिळा नाही, गेल्या रविवारचा आहे. चपलेचा चिखल अजून वाळलेला नाही.

दोन कंपन्यांची दोन सिम घ्यावीत. एक घरात चालत नाही, दुसरं घराबाहेर चालत नाही.

महिना २८ दिवसांचा असतो, हे मान्य करून टाका. आपल्या पंचांगात धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो, कंपनीच्या पंचांगात दर वर्षी. वर्षाला तेरा रिचार्ज. जावयाला ताट-दिवा देताना आपण कधी कुरकुर करतो का? मग याही जावयाचं मुकाट्यानं करावं. हा तर घरी येतही नाही.

बोलताना खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाका. व्यायाम होतो.

आता शेती असेल, आणि ती आमच्यासारखी कासच्या पुढं बामणोलीच्या अंगाला असेल, तर घरात दोन धडधाकट माणसं ठेवा. ई-पीक पाहणी हे एकट्यादुकट्याचं काम नाही. २०२१ पासून आपल्या पिकाची नोंद आपणच करायची, शेतात उभं राहून, मोबाइलवर. कल्पना चांगली आहे, वाद नाही. फक्त शेतात रेंज लागते, हे शेताला सांगायचं राहून गेलंय. रविवारी मुदतीचे दोनच दिवस उरले होते. आबांचं सिम ज्या कंपनीचं, तिची रेंज आमच्या गावात एकाच जागी मिळते, भैरोबाच्या देवळामागच्या पायरीवर. माझ्या फोनला खाली भातात एक काडी, तीही मनात आलं तर. ॲप माझ्या फोनवर, ओटीपी आबांच्या नंबरवर. म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांचे आबा डोक्यावर घोंगडं घेऊन पावसात टेकाडावर, आणि मी खाली चिखलात. पहिला ओटीपी आला. आबा तो पुटपुटत उतरले, तोवर त्याची मुदत सरली. दुसऱ्या वेळी ते उतरलेच नाहीत. गुरं हाकताना लावायचे तो आवाज लावून पायरीवरूनच ओरडले, “साऽऽत! शून्यऽऽ! परत शून्यऽऽ!” शेवटचा आकडा दोन की नऊ, मला कळेना. तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून एक मावशी ओरडल्या, “नऊ हाय, नऊ! घाल लवकर!” ओटीपी कुणालाही सांगू नका, असं बँक रोज बजावते. आमचा अख्ख्या वाडीला पाठ झाला.

बरं, ओटीपी लागला तर फोटो चढेना. चक्र फिरतंय, फिरतंय. तीन तास गेले. (त्याच वेळी कासला फुलं बघायला आलेल्या गाड्यांची रांग लागली होती आणि एकेक जण उंचावर हात करून रेंज शोधत होता. तेवढाच समदुःखाचा आनंद.)

यावर तक्रार जरूर करावी. कस्टमर केअरला फोन लावावा, मराठीसाठी जे बटण सांगतील ते दाबावं आणि हिंदीत बोलायची तयारी ठेवावी. फोन बंद करून चालू करायला सांगतात, तो करावा. सिम काढून पुसायला सांगतात, ते शर्टाला पुसावं. मग विचारतात, “सर, आप घर के अंदर हैं या बाहर?” मी भातात आहे, म्हटलं. भातात हा पर्याय त्यांच्याकडं नव्हता. “सर, आप के एरिया में कवरेज है.” असणारच! ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, सांगितल्यापासून कंपन्यांनी कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर टाकलेत, त्यात आमचं गाव भैरोबासकट रंगवलेलं आहे. नकाशात रेंज आहे म्हणून आम्ही शेतातून उठून नकाशात राहायला जायचं का? आणि संध्याकाळी साताऱ्याकडं यवतेश्वरचा घाट उतरताना फोन टुणटुणला, ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ निवारण झाल्याचा मेसेजसुद्धा मला पोहोचवायला यांना तीस किलोमीटर लागले!

डेटा किती स्वस्त झाला ते बघा, असं कुणी म्हटलं तर मान डोलवावी. खरंच आहे. २०१४ साली एक जीबी अडीचशेच्या वर पडायचा, आज दहाच्या आसपास. २०१६ च्या सप्टेंबरात फुकटच्या सिमसाठी आधार कार्डं घेऊन आपणच रांगा लावल्या होत्या. मग २०२४ च्या जुलैत दर वाढले, तेव्हा नुसतं हुश्श केलं. पण स्वस्त कसलं? रोजच्या दोन जीबीतला आबांच्या वाट्याला किती येतो? न दिलेल्या दुधाचा भाव कमी आहे म्हणून गवळ्याला कुणी शाबासकी देतं का?

जाऊ दे, सल्ले पुरे. मला राग आलाय आणि तो नुसता कंपनीवर नाही. सगळं मोबाइलवर आणणाऱ्यांनी आधी तिथं मोबाइल चालतो का, हे बघायला नको? म्हाताऱ्या माणसाला पावसात टेकाड चढायला लावणं ही सोय आहे? आणि आपण! गावात टॉवर येणार म्हटलं की ग्रामसभेत ठराव, किरणांनी मेंदू जातो म्हणून. ठरावाचा फोटो ग्रुपवर टाकायला तेच लोक देवळाच्या पायरीवर. रोज रील्सवर दोन दोन जीबी उडवता, रेंज गेली की पारावर शिव्या घालता. पण तक्रार नोंदवून नंबर लिहून घेतलाय कधी? समाधान झालं नाही तर तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडं जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. रविवारी पारावर विचारलं. बारा माणसांत एकालाही माहीत नव्हतं, आणि सांगितल्यावर एकानंही नंबर मागितला नाही. वर मलाच म्हणाले, “तू साताऱ्यात राहतोस, तूच कर की.”

सोमवारी केलं. अर्जात रेंजचं ठिकाण विचारलं होतं, तिथं देवळाची मागची पायरी लिहिली.