‘दहा मिनिटांत ऑफिसचा सर्व्हर’ : हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

‘खर्च शून्य, इंजिनिअर नको, दहा मिनिटांत ऑफिसचा फाइल आणि प्रिंटर सर्व्हर!’ या ओळीने सुरू होणारा मेसेज सध्या नागपुरातल्या अकाउंटंट, टॅक्सवाले आणि दुकानदारांच्या ग्रुपांवर फिरतोय. प्रत्येक ओळीपुढे हिरवी बरोबरची खूण, शेवटी ‘१०० टक्के वर्किंग, सर्वांना पाठवा’. माझी मामेबहीण धरमपेठेत टॅक्सचं ऑफिस चालवते. सात पीसी, दोन प्रिंटर. तिने तो मला पाठवून खाली विचारलं, ‘दादा, सगळे म्हणून राहिले चालते म्हणून. करून टाकू काय?’ फोनवर सांगता सांगता माझा आवाज चढला, तेव्हा लिहूनच काढतो.

मेसेजचं म्हणणं असं. ऑफिसातला कुठलाही एक पीसी सर्व्हर म्हणून, म्हणजे सगळ्यांच्या फाइली आणि प्रिंट सांभाळायला, निवडा. विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ वर टिक करा, नाहीतर पीसी नेटवर्कमध्ये दिसणार नाही. फायरवॉल (नेटवर्कवरून येणारं नको ते अडवणारी भिंत) आणि अँटिव्हायरस बंद करा. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ ऑफ करा. अख्खा डी ड्राइव्ह शेअर करून ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ द्या. प्रिंटर जोडताना ११बी चा एरर आला तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) एक व्हॅल्यू शून्य करा आणि विंडोज अपडेट कायमचं बंद करून टाका. आणि सगळ्या फाइली एकाच जागी आल्या की वेगळा बॅकअप लागत नाही.

हे सगळं केलं की शेअरिंग बहुतेक चालू होतं. यातच खरी गोम आहे. चालू झालं म्हणून माणूस खूश होतो आणि मेसेज पुढे पाठवतो.

सगळ्यात घातक ओळ एसएमबी १ ची, म्हणून आधी तीच. विंडोजचे पीसी एकमेकांकडून फाइली मागतात आणि देतात ते एसएमबी नावाच्या पद्धतीने. तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली. विंडोज व्हिस्टाबरोबर दुसरी आली, २०१२ साली विंडोज ८ बरोबर तिसरी. मायक्रोसॉफ्टमध्ये हेच काम पाहणाऱ्या नेड पाइल यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये कंपनीच्याच ब्लॉगवर लेख लिहिला की एसएमबी १ वापरणं थांबवा. कुणा अँटिव्हायरस विकणाऱ्याचा हा लेख नाही. ज्यांची वस्तू आहे तेच ती वापरू नका म्हणून सांगत होते. पुढे मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एसएमबी १ मधल्या मोठ्या भगदाडाची दुरुस्ती अपडेटमधून पाठवली. ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्या मशीनवर १२ मे २०१७ पासून वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस शिरला. त्यासाठी कुणी चुकीच्या लिंकवर क्लिक करण्याचीसुद्धा गरज नव्हती. नेटवर्कवरचा एक पीसी सापडला की तो ४४५ नंबरच्या पोर्टमधून, म्हणजे नेटवर्कच्या दारातून, शेजारच्या पीसीचं एसएमबी १ शोधायचा, आत जायचा, फाइली कुलूपबंद करायचा आणि पडद्यावर ३०० डॉलरचे बिटकॉइन मागायचा. दीडशेच्या वर देशांत हे झालं. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांनी रुग्णांच्या ठरलेल्या वेळा रद्द केल्या.

हे सगळं सातासमुद्रापार, असं वाटत असेल तर पुढचं ऐका. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. नॉटपेट्या चोरलेल्या पासवर्डांवरही पसरायचा, त्यामुळे सगळा दोष एसएमबी १ च्या माथी मारत नाही. पण भगदाड तेच वापरलं होतं.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी १ चा सर्व्हर भाग येतच नाही. विंडोजशी फाइली शेअर करणारी लिनक्सवरची फुकट प्रणाली म्हणजे साम्बा. तिनेसुद्धा २०१९ मधल्या ४.११ आवृत्तीपासून एसएमबी १ मुळात बंद ठेवलं. जगाने जे काढून टाकलं ते आपण टिक करून परत आणायचं, आणि कशासाठी, तर नेटवर्कच्या खिडकीत पीसीचं चित्र दिसावं म्हणून!

बरं, ते चित्र का दिसत नाही? पूर्वी पीसींची यादी दाखवणारी सेवा एसएमबी १ वर टेकलेली होती. ते गेलं, यादी गेली. आता तेच काम ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ नावाची सर्व्हिस करते. ज्या पीसीवरच्या फाइली शेअर करायच्या आहेत तिथे सर्व्हिसेसची यादी उघडा, ही सर्व्हिस ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’वर ठेवा आणि सुरू करा. मायक्रोसॉफ्टच्या मदतपानावर हाच उपाय आहे. आणि खरं सांगायचं तर चित्र दिसायची गरजच नाही. फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे त्या पीसीचं नाव किंवा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाका, फोल्डर उघडेल. मग ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ करून झेड अक्षर द्या. मामेबहिणीच्या ऑफिसात आता सगळे ‘झेडमध्ये टाक’ एवढंच म्हणतात.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारी जुनी, सेकंडहँड घेतलेली मोठी मशीनं असतात, त्यातल्या काहींना एसएमबी १ शिवाय दुसरं काही येतच नाही. अशा मशीनवाल्याला मेसेज खरा वाटणारच. पण त्या एका स्कॅनरसाठी सगळ्या पक्षकारांच्या फाइली असलेला पीसी उघडा टाकणं शहाणपणाचं नाही. मशीनचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट मिळतं का ते पाहा. नसेल तर स्कॅन ईमेलवर पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर घ्या; दोन पावलं जास्त चालावी लागतील एवढंच.

फायरवॉल आणि अँटिव्हायरस बंद करा, या ओळीवर फार वेळ घालवत नाही. कूलरचा पंप बिघडला म्हणून कुणी खिडकी उखडून टाकत नाही. विंडोजच्या फायरवॉलमध्ये फाइल आणि प्रिंटर शेअरिंगचा नियम तयारच असतो, पण नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलं गेलं असेल तर तो लागू होत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ऑफिसचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा. बहुतेक ठिकाणी भानगड इथेच संपते.

पासवर्डचं प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे, कारण तिथे लोक खरोखर अडकतात. शेअर केलेलं फोल्डर उघडताना विंडोज नाव आणि पासवर्ड विचारतं. माणूस रोज सकाळी पीसी उघडताना जो चार आकडी पिन टाकतो तोच टाकतो. चालत नाही. तीनदा टाकतो. तरी चालत नाही. मग ‘हे पासवर्डचं झंझटच नको’ म्हणून शेअरिंगचा पासवर्डच काढून टाकतो. अरे, पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवर तो चालतच नाही! तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. दुसरी अडचण त्याच्या उलटी: खात्याला पासवर्डच नाही. रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, आणि बरोबरच करतं.

यावरचा उपाय मेसेजइतकाच सोपा आहे. शेअर करणाऱ्या पीसीवर प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावाचं साधं लोकल (फक्त त्या पीसीवरचं) खातं उघडा, पासवर्ड द्या, आणि त्या त्या कर्मचाऱ्याच्या पीसीवर पहिल्यांदा विचारेल तेव्हा ‘रिमेंबर’वर टिक करून तो टाका. पुन्हा विचारत नाही. कुणी नोकरी सोडली की त्याचं खातं बंद करायचं. पासवर्ड नसलेल्या शेअरवर हे कसं करणार? आणि गंमत अशी की विंडोज ११ प्रो च्या २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डाच्या शेअरला नवा लॅपटॉप जोडलाच जात नाही. म्हणजे मेसेजचा सल्ला धोकादायक आहेच, वर शिळाही आहे.

‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’मध्ये मात्र अर्धं तथ्य आहे. विंडोजमध्ये परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरच्या आणि खाली डिस्कवरच्या फोल्डरच्या. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली जी कडक असेल ती लागते. त्यामुळे पुष्कळ जाणकार शेअरवर सर्वांना मोकळीक देतात आणि खरी वेसण ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये घालतात. मेसेज लिहिणाऱ्याने यातला पहिला अर्धा भाग कुठूनतरी ऐकलाय, दुसरा गाळलाय. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये काम करणाऱ्यांना लिहायची परवानगी लागते हेही खरं; पण ती टॅलीवर बसणाऱ्या दोघांना द्या, चहाच्या हिशोबासाठी पीसी उघडणाऱ्याला कशाला? आणि अख्खा ड्राइव्ह कधीच नाही. ‘कामाचे’ नावाचं एक नवं फोल्डर करा, तेवढंच शेअर करा.

कुठलाही साधा पीसी सर्व्हर म्हणून चालतो, हे म्हणणं बरोबर आहे. नाही म्हणून चालणार नाही. विंडोज प्रो एका वेळी २० उपकरणांना जोडू देतं. सात पीसींच्या ऑफिसला विंडोज सर्व्हरचा महागडा परवाना गळ्यात मारणारा माणूसही काही साधू नव्हे. वीसच्या वर गेलात तर साम्बाचा विचार करा. पण ‘कुठलाही’ म्हणजे रिसेप्शनवरचा, जो संध्याकाळी सगळ्यात आधी बंद होतो, तो नाही. स्लीप बंद करा, नाहीतर दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांचं झेड गायब झालेलं असतं आणि पुन्हा दोष फायरवॉलला. राउटरमध्ये त्या पीसीचा आयपी राखून ठेवा, म्हणजे तो बदलत नाही. आणि नागपूरचा मे लक्षात घ्या: पारा ४५ च्या वर, कॅबिनेट कूलरच्या ओल्या झोताच्या वाटेत, मध्येच लाइट जाते. यूपीएस घ्या आणि पीसी कूलरपासून लांब ठेवा.

आता प्रिंटर. हा ११बी चा एरर सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर ऑफिसाऑफिसांत आला. त्या वर्षी प्रिंटिंगच्या सेवेत एकामागून एक छिद्रं सापडली होती. जुलैमधलं प्रिंटनाइटमेअर तर इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने महिन्याच्या ठरल्या दिवसाची वाट न पाहता दुरुस्ती पाठवली. नंतर प्रिंटर शेअर करणारा पीसी आणि प्रिंट मागणारा पीसी यांच्यातलं बोलणं सक्तीने सुरक्षित केलं गेलं. ज्यांना ते जमलं नाही त्यांना हा एरर. मेसेजमधली ‘शून्य करा’वाली व्हॅल्यू ही सक्तीच काढून टाकते. एरर जातो आणि छिद्र परत उघडतं. आधी दोन्ही पीसींवर सगळी अपडेट्स घ्या. आणि प्रिंटरला मागे नेटवर्क केबलचं (लॅनचं) पोर्ट असेल, जे हल्लीच्या ऑफिस प्रिंटरांना बहुधा असतं, तर तो पीसीमागे शेअर करायचाच कशाला? केबल थेट नेटवर्क स्विचमध्ये (सगळ्या पीसींच्या केबल जिथे येतात त्या डबीत) लावा, राउटरमध्ये त्याचाही आयपी राखून ठेवा, प्रत्येक पीसीवर ‘टीसीपी/आयपी पोर्ट’ने जोडा. मधला पीसी गेला की ११बी पण गेला. ‘प्रिंटर ऑफलाइन’चं रोजचं रडगाणंसुद्धा पुष्कळदा बदललेल्या आयपीमुळेच असतं.

अपडेट कायमचं बंद करण्याबद्दल एवढंच सांगतो: वॉनाक्रायची दुरुस्ती हल्ल्याच्या दोन महिने आधी याच अपडेटमधून आली होती.

बॅकअप लागत नाही, या ओळीला तर हिरवी खूण देणाऱ्याच्या धैर्याची कमाल वाटते. खंडणीचा व्हायरस आला की तो मॅप केलेल्या झेडमधल्या फाइलीही कुलूपबंद करतो. एकाच जागी सगळं, म्हणजे एकाच फटक्यात सगळं. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या, आलटून पालटून कॉपी करा, आणि कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात. लावून ठेवलेली डिस्क बॅकअप म्हणून धरायची नाही, तीही त्याच फटक्यात जाते.

ज्यांनी मेसेज वाचून हे सगळं आधीच करून ठेवलंय त्यांनी घाबरू नका, उलटं फिरवता येतं. आधी फायरवॉल आणि अँटिव्हायरस चालू करा, अपडेट घ्या, रजिस्ट्रीतली ती व्हॅल्यू परत एक करा. मग कर्मचाऱ्यांची खाती उघडून पासवर्ड शेअरिंग सुरू करा. शेवटी विंडोज फीचर्समधली एसएमबी १ ची टिक काढा आणि रिस्टार्ट करा. हे शनिवारी दुपारी करा, जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या तारखेला नको. रिस्टार्टनंतर ऑफिसातलं एखादं जुनं यंत्र बोलेनासं झालं, तर एसएमबी १ वर टेकलेलं यंत्र कुठलं होतं ते त्याच वेळी कळेल.