फाउंडेशन गेलंय, साहेब!

गाडी चालताना त्रास देते हे मी समजू शकतो. आमची गाडी उभी असताना त्रास देते. रस्त्याला लागली की अगदी गुणी. सिग्नलला थांबली आणि त्यात एसी चालू असला की तिला हुडहुडी भरते. स्टिअरिंग हातात नाचतं, आतला आरसा थरथरतो आणि मागच्या एकाच गाडीचे चार दिवे दिसू लागतात. रिव्हर्समधून पहिल्यात टाकलं की बॉनेटखालून ‘धड्’ असा आवाज येतो, तो वेगळाच.

खिसा बेताचा असला की दुखणं कुठलंही असो, उपचार सगळ्यात स्वस्त औषधापासून सुरू होतात. त्यामुळे आधी टायरची हवा बघून झाली. उभ्या गाडीच्या थरथरण्याशी हवेचा काय संबंध, असं बायकोने विचारलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मग ग्लोव्ह बॉक्सच्या दारात पुठ्ठा कोंबला. आवाज खरंच कमी झाला, फक्त ग्लोव्ह बॉक्स उघडेनासा झाला आणि गाडीची कागदपत्रं आत अडकली. मग स्पार्क प्लग बदलले. हे तसं अगदीच वेडेपणाचं नव्हतं, कारण एखादा सिलिंडर मिस करत असला तरी गाडी अशीच हलते. आमची मात्र नव्या प्लगवर अधिक उत्साहाने हलू लागली.

घरात या थरथरीचा एकच चाहता होता. बाबा. त्यांच्या कमरेला ती मानवत होती. सिग्नल लवकर सुटला की ते नाराज व्हायचे.

शेवटी मेकॅनिकला गाठलं. त्याने बॉनेट उघडलं, मला समोरून हटवून बाजूला उभं केलं, हँडब्रेक ओढला, ब्रेक दाबून धरला आणि पहिला गिअर टाकून क्लच जरासा सोडला. आख्खं इंजिन एका अंगाने उठलं आणि परत बसलं. मी दोन पावलं मागे सरलो.

“फाउंडेशन गेलंय, साहेब.”

हे फाउंडेशन म्हणजे इंजिनाचं माउंटिंग, लोखंडात बसवलेला रबराचा गोळा. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर निवांत आयडलला असलं, तरी त्यात सेकंदाला साधारण 27 वेळा इंधनाचा भडका उडतो. ते हादरे आपल्यापर्यंत पोचू न देता एवढं जड धूड तोलून धरायचं, हे या रबराचं काम. उष्णतेने आणि गळक्या ऑइलने ते कुजतं. काहींच्या पोटात द्रव असतो; तो गळून गेला की वरून धडधाकट दिसणारं माउंटिंगही आतून कामातून गेलेलं असतं.

आमच्या गाडीला अशी तीन. “तिन्ही टाकू,” मेकॅनिक म्हणाला. माझा चेहरा बघून त्याने लगेच पर्याय सांगायला घेतले. ओरिजिनल. कंपनीसारखंच. आणि तिसरं, ज्याचं वर्णन त्याने फक्त “चालेल” असं केलं. भंगारातलं चालेल का, असंही मी विचारून घेतलं. त्यावर तो म्हणाला, “ते रबरही तुमच्या रबराच्याच वयाचं असणार ना?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सगळं तसंच रेटावं, तर सायलेन्सरचा पाइप, होज आणि एक्सल यांना हिसके बसत राहतात आणि पुढचं बिल आणखी लांबतं. एकच बदलावं, तर त्याचा भार इतर दोन म्हातारी उचलणार. मग तोडगा निघाला: इंजिनाच्या बाजूचं ओरिजिनल, खालचं कंपनीसारखंच, आणि गिअरबॉक्सचं “अजून धरतंय” म्हणून पुढच्या वेळी.

जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून त्याने इंजिन खालून उचलून धरलं. निदान तो ठोकळा तरी बिलात येणार नाही याचं मला बरं वाटलं. जुनं माउंटिंग माझ्या हातात आलं तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले. रबराने लोखंड कधीच सोडलं होतं, इतके महिने ती दोघं नुसती एकमेकांवर टेकून होती. नवे बोल्ट त्याने लगेच आवळले नाहीत. आधी सैल ठेवून इंजिन हलवून त्याच्या जागी बसू दिलं, मग पाना फिरवला. मजुरीबद्दल घासाघीस करायचा माझा विचार तिथेच मावळला.

परत येताना सिग्नलला थांबलो. आरशात मागच्या गाडीचे दोनच दिवे. मागच्या सीटवरून बाबांनी विचारलं, “गाडी बंद पडली का रे?”

“नाही बाबा, चालूच आहे. दोन माउंटिंग बदलली. एक राहिलंय.”

बाबा थोडा वेळ कंबर टेकवून अंदाज घेत राहिले.

“ते एक राहू दे,” ते म्हणाले. “उगाच खर्च कशाला?”