बोटीत कारचं इंजिन? त्या मेसेजमधला एकेक मुद्दा बघू

पैठण, गंगापूरकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज लै फिरायलाय. त्यात लिहिलंय की मरीन इंजिन म्हणजे रंग मारून महाग केलेलं कारचंच इंजिन, भंगारातून चांगलं पेट्रोल इंजिन उचला आणि बोटीत बसवा, एचपी डबल केला की स्पीड डबल, पंखा (बोट ढकलणारा प्रोपेलर) मोठा टाका, जुनं टू-स्ट्रोक मिळालं तर सोडू नका, आणि धरणाचं पाणी गोडं असल्यानं गंजायचं टेन्शन नाय. सप्टेंबर २०२५ च्या पुरात धाराशिव-बीडकडं माणसं छपरावर बसून बोटीची वाट बघत होती हे सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळं आता कुठं चार पोरं जमली की बोटीचा विषय निघतोच, आणि म्हणूनच हा मेसेज मला नुसता चुकीचा नाय, धोक्याचा वाटतो.

पहिली गोष्ट, "कारचंच इंजिन". यात थोडं खरंय. मर्क्रूझर, व्होल्वो पेंटा या बोटीच्या इंजिनवाल्यांची लै इंजिनं जनरल मोटर्सच्या कारच्या व्ही-८ ब्लॉकवरच (आठ सिलिंडरचा सांगाडा) बनलेली हायत. पण ब्लॉक सारखा म्हणून इंजिन सारखं होत नाय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. कारमधी गळाली तर खालून वाऱ्यानं निघून जाते, बोटीत ती तळाच्या पोकळीत साचून बसते, वरून झाकण बंद. आता कारचा स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर सगळे आत ठिणगी पाडतात आणि ती बाहेर येऊ नये अशी काही सोय त्यांना नसते. मरीन पार्ट बंदिस्त असतात, ठिणगी आतली आतच राहते. म्हणून तर इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत असलेल्या) पेट्रोल बोटीत स्टार्ट मारायच्या आधी निदान चार मिनिटं ब्लोअर (हवा बाहेर फेकणारा पंखा) चालवून वाफ बाहेर काढतात. कारचा स्टार्टर बसवून हे सगळं सोडलं तर बोटीत बसलेल्यांच्या जिवाशी खेळ हाय, यात मी जराबी वाढवून सांगत नाय.

मग लोडचं बघा. सपाट रोडवर ऐंशीनं चाललेल्या कारला तिच्या ताकदीचा चौथा हिस्सा पण लागत नाय. बोटीचं तसं नसतंय, तिथं उतार नाय, न्यूट्रलवर सोडून पळवता येत नाय, पाणी सतत अडवतं, भरलेला ट्रक औट्रम घाट चढतोय आणि घाट संपतच नाय असं समजा. त्यात कारचा एक्झॉस्ट कोरडा, तापून लाल होणार, तो फायबरच्या बंद खोक्यात ठेवणार का? मरीनला एक्झॉस्टभोवती पाणी खेळवलेलं असतं. रेडिएटरला समोरून वारा नाय, म्हणून हीट एक्स्चेंजर (बाहेरच्या पाण्यानं इंजिनाचं पाणी गार करणारा) लागतो. आणि पंखा बोट ढकलतो म्हणजे आधी स्वतःचा शाफ्टच ढकलतो, तो धक्का झेलायचं बेअरिंग मरीन गिअरबॉक्समधी असतं, कारच्या गिअरबॉक्समधी नसतं. आपल्या वाळूज-चिकलठाण्याच्या मेकॅनिकचे हात सोन्याचे हायत, पण तेवढ्यानं हे सामान बदलत नाय.

स्पीड डबल? पाण्यावर उठून पळणाऱ्या बोटीचा स्पीड ढोबळ मानानं एचपीच्या वर्गमुळाच्या हिशेबानं वाढतो. ४० ची ८० एचपी केली तर ताशी ४५ किलोमीटरची बोट जास्तीत जास्त ६३ च्या आसपास जाईल, आणि नव्या इंजिनाचं वजन धरलं तर तेवढी पण नाय. पेट्रोल मात्र जवळजवळ डबल. जी बोट पाणी कापत चालते, वर उठतच नाय, तिचं तर अजून अवघड, पाण्यातली लांबी १८ फूट असंल तर ताशी साडेदहा किलोमीटरच्या पुढं ताकद नुसती लाटा उठवण्यात जाते. बोटीच्या प्लेटवर मॅक्झिमम एचपी लिहिलेला असतो तो ओलांडू नका, ट्रान्सम (इंजिन टांगायची मागची भिंत) तेवढ्याच ताकदीचा आणि वजनाचा बनवलेला असतो.

आता पंख्याचा मुद्दा, यावर मला जास्त बोलायचंय कामून की खरी अपग्रेड इथंच हाय आणि तीच कुणी करत नाय. आउटबोर्डला (बोटीच्या मागं बाहेर टांगलेल्या इंजिनाला) फुल थ्रॉटलची आरपीएम रेंज दिलेली असते, समजा ५००० ते ६०००. नेहमीची माणसं, नेहमीचं सामान घेऊन फुल थ्रॉटल द्या आणि टॅकोमीटर बघा. ४६०० वरच अडकलं तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो किती पुढं सरकंल ते माप) जास्त हाय, इंजिन दमायलंय, नवं इंजिन घ्यायची गरज नाय, पिच कमी करा. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. आणि आपल्याकडं हे समुद्रापेक्षा जास्त लागू हाय. नाथसागराची (जायकवाडी धरणाची) पूर्ण पातळी समुद्रापासून १५२२ फूट, दर हजार फुटाला साध्या इंजिनाची तीनेक टक्के ताकद जाते, त्यात मे महिन्यात ४२ डिग्रीची पातळ हवा, म्हणजे आणखी पाचेक टक्के. मुंबईच्या बोटीवर बरोबर बसलेला पंखा उचलून इथं आणला तर तो जडच जाणार, आणि मेसेज म्हणतोय अजून मोठा टाका!

टॉप क्लासची तुलना करायची असंल तर मर्क्युरी कंपनीचं २०२१ मधी आलेलं ६०० एचपीचं व्हेराडो आउटबोर्ड बघा. सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप) नाय, ७.६ लिटरचं व्ही-१२ आणि खाली दोन स्पीडचा गिअर. सतत लोड घ्यायचाय म्हणून मोठं इंजिन घेतलं. छोट्या इंजिनाला दम देऊन ताकद काढायच्या मागं लागणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

गोड्या पाण्यात मीठ नाय हे बरोबर, पण गाळ हाय आणि जलपर्णी हाय. गाळानं पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर घासतो, जलपर्णीनं पाणी ओढायची जाळी बंद होते, आणि मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली तरी कुणी बघत नाय, इंजिन तापून जाम. अ‍ॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजून जाणारा धातूचा तुकडा) पण गोड्या पाण्यात जस्ताचा नको, त्यावर थर बसून तो काम करायचं सोडतो, मॅग्नेशियमचा लावा.

राहिलं जुनं टू-स्ट्रोक. हलकं असतं, साधं असतं, गावात रिपेर होतं, मान्य. पण कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोकमधी वीस-तीस टक्क्यांपर्यंत पेट्रोल न जळताच ऑइलसकट पाण्यात जातं, आणि नाथसागराचं पाणी संभाजीनगर-जालना पितंय. पाण्यात पेट्रोल सोडून ४० एचपी काढण्यापेक्षा फोर-स्ट्रोकचं वीस-पंचवीस किलो जास्त वजन परवडलं. फक्त पेट्रोल बघून भरा. आउटबोर्ड कंपन्या साधारण १० टक्के इथेनॉलपर्यंत परवानगी देतात, आपल्या पंपावर आता २० टक्क्यांचं मिळतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. बोट उभीच राहणार असंल तर टाकीत महिनोन्महिने पेट्रोल ठेवू नका, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा आणि त्याची वाटी दरवेळी उघडून बघा.