पाय पसरा, अंथरूण मागाहून शिवू

फुटबॉल क्लब विकत घेतल्याबद्दल अभिनंदन! आता खेळाडू घ्यायचे. संघात कुठली जागा लंगडी आहे, हे पहिल्याच दिवशी विचारू नका. ती गरिबांची चौकशी.

तिजोरी भरलेली असेल, तर आधी ती साऱ्या जगाला दाखवा. २०१७ मध्ये बार्सिलोनाने हे फार नीट करून दाखवले. नेमार विकून पॅरिसच्या क्लबकडून २२.२ कोटी युरो आले, हे जगजाहीर होते. म्हणजे बार्साचा खिसा आणि बार्साची नड, दोन्ही विकणाऱ्यांना तोंडपाठ. डॉर्टमुंडने आदल्या वर्षी दीडेक कोटीला आणलेला डेम्बेले त्यांना साडेदहा कोटी अधिक बोनसला दिला. लिव्हरपूलने जानेवारी २०१८ मध्ये बार्साला कुटिन्यो विकला आणि त्याच वर्षी व्हॅन डाइक आणि अलिसन आणून आपला बचाव भक्कम केला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. गरजवंत श्रीमंत असला, तर कोणी ती त्याला द्यायलाही जात नाही. पुढे बार्साने कुटिन्यो बायर्नला उसना दिला. २०२० मध्ये बायर्नने बार्साला ८-२ असे लोळवले, त्यातले शेवटचे दोन गोल त्याचेच. पगारदार माणूस कामाला लागला, एवढे समाधान माना.

हिशेबाची भीती बाळगू नका. दहा कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घ्या, वहीत खर्च दिसतो वर्षाला दोन कोटी. करार आठ वर्षांचा केला, तर सव्वा कोटीच. चेल्सीने २०२३ च्या जानेवारीत मुद्रिक आणि एन्झो फर्नांडेझ यांना साडेआठ-साडेआठ वर्षांचे करार दिले. त्याच वर्षी यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, ही विभागणी पाच वर्षांवर आणून ठेवली. गोम दोन वर्षांनी कळते. पाच वर्षांच्या करारातल्या खेळाडूची वहीतली किंमत अजून सहा कोटी असते, समोरून येतात चार. विकला तर दोन कोटींचा तोटा नोंदवा, ठेवला तर पगार भरा. तो पगार दुसरीकडे कोणी देणार नाही, त्यामुळे खेळाडूही हलत नाही. मग उसना द्या आणि अर्धा पगार तुम्हीच भरा. पैशाने खेळाडू मिळतो हा गैरसमज आहे; पैशाने चूक परवडते.

तरीही आकडा जुळला नाही, तर लहानपणापासून तुमच्याकडेच वाढलेला पोरगा विका. वहीत त्याची किंमत शून्य, म्हणून आलेली सगळी रक्कम नफा. प्रेक्षक त्याच्या नावाने गाणी म्हणतात, पण ३० जूनला वही बंद होते, गाणी नाही. आणखी खड्डा उरला, तर चेल्सीने विकली तशी क्लबची हॉटेले आपल्याच भावकीतल्या कंपनीला विका. एव्हर्टनला हे सुचले नाही. तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंड तोट्याची प्रीमियर लीगची मर्यादा ओलांडली म्हणून २०२३ मध्ये त्यांचे दहा गुण गेले. अपिलात चार परत मिळाले, पुढच्या तक्रारीत आणखी दोन गेले.

मधल्या ऐपतीचे असाल, तर चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेतून अजून न मिळालेल्या उत्पन्नावर कर्ज काढा. लीड्सने काढले होते: २००१ मध्ये उपांत्य फेरी, २००४ मध्ये खालच्या श्रेणीत.

खिसा रिकामा असेल, तर मात्र कष्ट आले. कोणी ढुंकून बघत नाही अशा लीगमधला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा शोधा. त्याच्या जागी येणारा वर्षभर आधीच घेऊन ठेवा. करारात दोन वर्षांहून कमी उरू देऊ नका. एकच उरले की भाव पडतो, संपला की तो फुकट जातो. पहिल्या बोलीला मान हलवू नका. इक्वेडोरहून ब्रायटनने चारेक दशलक्ष पौंडांना आणलेला कैसेदो २०२३ मध्ये चेल्सीने बोनससह साडेअकरा कोटींपर्यंतच्या सौद्यात नेला.

त्याआधीच, २०२२ मध्ये, चेल्सीने ब्रायटनचा प्रशिक्षक पॉटरही नेला होता आणि सात महिन्यांत काढूनही टाकला. तेव्हा प्रशिक्षकाच्या करारातही नुकसानभरपाईचे कलम आजच घालून ठेवा.