दीडशे शब्दांत गटार

कोल्हापूरच्या माणसाला मोजक्या शब्दांत बोल म्हणणं म्हणजे त्याला मिसळ खा, पण कट मागू नको म्हणण्यासारखं आहे. रंकाळ्यावर कुणी साधा पत्ता विचारला तरी आम्ही "कुणाच्यात जायचंय?" इथनं सुरुवात करतो. पण आपल्या राज्यात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो.

माझा विषय एकच होता. गल्लीतलं गटार. पहिला मसुदा चारशे शब्दांचा झाला, कारण त्यात आज्जीच्या काळातलं उघडं गटारही आलं होतं. बायकोनं पेन घेतला आणि एक ओळ शिल्लक ठेवली : 'सदर कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत मिळावी.'

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून गेलो. आवक-जावकच्या टेबलावरच्या काकांनी अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

"कशाला पाहिजे?"

2005 च्या कायद्याच्या कलम 6(2) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही, हे मी रात्री तीनदा घोकलं होतं. पण काकांनी इतक्या मायेनं विचारलं की कलम घशातच अडकलं.

"सहज," म्हटलं.

"सहज कोण गटार मागतंय व्हय?"

पोहोच मात्र शिक्का मारून घेतली आणि घरी येऊन आज्जीच्या पाटल्यांच्या डब्यात ठेवली.

मुदत 30 दिवसांची. ती उलटली की माहिती फुकट द्यावी लागते. एकोणतिसाव्या दिवशी पोस्टमन हजर! 'दोन पाने, प्रति पान रु. 2, एकूण रु. 4 भरावेत.' पाकिटावरचं टपाल त्याच्या कितीतरी पट. चार रुपये भरायला गेलो तर खिडकी जेवायला गेलेली. दुसऱ्या दिवशी पावतीपुस्तक संपलेलं. तिसऱ्या दिवशी सुट्टे नाहीत. तेवढ्या पेट्रोलमध्ये पन्हाळ्यावर जाऊन आलो असतो.

शेवटी पानं हातात पडली. झेरॉक्सची झेरॉक्स. पहिल्या पानावर आषाढातला पन्हाळाच, नुसतं धुकं. दुसऱ्यावर गोल शिक्का, सही आणि एक ठसठशीत आकडा : लांबी 42 मीटर.

टेप काढला. एक टोक बायकोकडं. गल्ली 30 मीटरला तालमीच्या भिंतीला जाऊन टेकते. परत मोजली. तीसच.

वस्ताद दारात उभे होते. "काय चाललंय?"

"गटार मोजतोय. कागदावर अजून बारा मीटर आहे. म्हणजे ते तुमच्या तालमीत शिरतंय."

वस्तादांनी कागद घेतला. शिक्का उन्हात धरून बघितला, मग आत हौद्यातल्या तांबड्या मातीकडं बघितलं.

"सरकारी शिक्का हाय म्हंजे असणारच. या, शोधा की. फकस्त लंगोट लावून या."